पिसांचे टोप परत करा

प्रश्न : मी इंदूरच्या एका खाजगी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. १५ नोव्हेंबरला जनजातीय गौरव दिवस असतो, म्हणून यंदा शाळेत ‘हमारी विरासत’ नावाचा मोठा कार्यक्रम ठरला आणि तो माझ्या गळ्यात पडला. डान्स टीचरनं ‘आदिवासी नृत्य’ बसवायला घेतलं. पिसांचे टोप, पानांचे घागरे, हातात भाले, तोंडाला काळपट रंग. सातवीत आरटीईतून आलेली एक मुलगी आहे. घरचे अलीराजपूरकडचे, वडील बांधकामावर. ‘तू तर खरीखुरी आहेस’ असं म्हणत तिला पहिल्या रांगेत उभं केलं. टोप घालायची वेळ आली तेव्हा ती हळूच म्हणाली, “मैडम, हमारे यहाँ ऐसा कोई नहीं पहनता.” मागून दोन मुलं ‘झिंगालाला’ ओरडली. सगळे हसले. खरं सांगते, मीही थोडी हसले. तेव्हापासून तीन दिवस ती शाळेत आलेली नाही. प्राचार्या म्हणतात, कार्यक्रम बारा दिवसांवर आला, आता काय बदलणार? एक सहकारी म्हणते, शाळेत हे जातीपातीचं काढूच नये, सगळी मुलं सारखी. मला मात्र झोप नाही. नाच रद्द करू का? तिच्या आईला बोलावून सत्कार करू का?
— एक शिक्षिका, इंदूर

ताई, नमस्कार.

‘मीही थोडी हसले’ हे वाक्य तुम्हाला गाळता आलं असतं. गाळलं नाहीत, म्हणून मीही हातचं राखून लिहिणार नाही.

कार्यक्रमाचं नंतर. आधी ती मुलगी. आज तिच्या घरी फोन करा आणि ‘तीन दिवस दिसली नाही, बरी आहे ना?’ एवढंच विचारा. नाचाचा विषय फोनवर काढू नका. बाप बिचारा साइटवर उभा असेल, त्याला वाटेल मुलीनं काहीतरी आगळीक केली. ती शाळेत आली की वर्गाबाहेर, एकटीला गाठून, उभ्या उभ्या सांगा, “उस दिन तुमने सही कहा था. मुझे मालूम होना चाहिए था. और मैं हँसी, वो मेरी गलती थी.” आणि तिथेच थांबा. लगेच ‘मग आता तूच सांग ना, तुमच्याकडे काय घालतात?’ असं विचारायची उबळ येईल. ती गिळा. माफी मागता मागता बारा वर्षांच्या पोरीला कामाला लावायचं नसतं. तिला गणित करायचं असेल, खो-खो खेळायचा असेल. आपण कुठल्या गावचे, कुठल्या जमातीचे, याबद्दल वर्षभर चकार शब्द काढायचा नसेल तर तोही तिचाच अधिकार. आणि आणखी एक. ती भील आहे, भिलाला आहे की बारेला, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नाही. अंदाज बांधू नका.

त्या दोन मुलांशीही बोला, पण तिचं नाव न घेता. ‘झिंगालाला’ हा शब्द कुठल्या भाषेतला आहे ते शोधून आणा म्हणावं. झाबुआत सापडणार नाही, अलीराजपुरात सापडणार नाही. हिंदी सिनेमात सापडेल. त्या टोपांचं मूळही तिथंच आहे.

आता माझं सांगते. तीसेक वर्षं झाली असतील. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचे. स्नेहसंमेलनाला एकलव्याची नाटिका बसवली. वर्गात झाबुआकडचा एक मुलगा होता, वसतिगृहात राहायचा. एकलव्य त्यालाच दिला. केवढा मान देतेय मी ह्याला, असं मला वाटलं होतं. पाठांतर चोख, आवाज खणखणीत, नाटिकेला बक्षीस मिळालं. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी तो सरवटे बसस्टँडवर भेटला. बँकेत लागला होता. पाया पडला, आग्रहानं चहा पाजला. बस लागली तेव्हा हसत हसत म्हणाला, “मैडम, वो अंगूठा काटने वाला सीन आपने मुझसे कितनी बार करवाया था, याद है?” मला नव्हतं आठवत. त्याला आठवत होतं. अकरा वेळा. द्रोणाचार्य झालेल्या मुलाला दर वेळी हसू फुटायचं, म्हणून.

तेव्हा तुम्ही काही जगावेगळं पाप केलेलं नाही. पण तुमच्याकडे बारा दिवस आहेत. माझ्याकडे चहा संपेपर्यंतचा वेळ होता, आणि तोही मी ‘किती मोठा झालास रे’ म्हणण्यात घालवला.

टोपात नेमकं काय चुकलं, हे प्राचार्यांना समजावताना एक आपलंच उदाहरण द्या. इथल्या हिंदी शाळांत ‘अनेकता में एकता’ झालं की महाराष्ट्राच्या नावानं काय येतं? कोळीनृत्य. आपल्या मराठी पोरांना लुंगी नेसवून, हातात वल्हं देऊन उभं करतात. ज्यांच्या पाच पिढ्या इथल्या खान नदीच्या काठी गेल्या आणि ज्यांनी समुद्र पाहिला तो गोव्याच्या सहलीत, ती पोरं ‘हैया हो’ करतात! आपण हसतो, फोटो काढतो, घरी जाऊन पोहे खातो. फरक एवढाच, की त्या वल्ह्यामुळे आपल्याला कुणी भाड्यानं खोली नाकारत नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात ‘जंगली’ म्हणत नाही. आपली टोपी रात्री उतरते. त्या मुलीला घातलेली उतरत नाही.

शिवाय १५ नोव्हेंबर हा बिरसा मुंडांचा जन्मदिवस, साल १८७५. ते मुंडा, छोटानागपूरच्या पठारावरचे, आताच्या झारखंडातले. आपल्या शेजारचे भील पार वेगळे. भाषा वेगळी, देव वेगळे, घरं बांधायची रीत वेगळी. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातल्या अनुसूचित जमातींची संख्या दीड कोटीच्या वर होती, म्हणजे दर पाच माणसांमागे एक. झाबुआत हे प्रमाण ८७ टक्के, अलीराजपुरात ८९. भिली बोलणारे देशात एक कोटीहून जास्त आहेत, तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. एवढ्या सगळ्यांना एकच टोप? आणि तोही असा, की जो त्यांच्यातलं कुणीच घालत नाही.

माझ्या हाती असतं तर मी नाच काढून टाकला असता. नाच वाईट म्हणून नव्हे. बारा दिवसांत तो नीट शिकवणारं माणूस तुम्हाला मिळणार नाही म्हणून. मिळालं, म्हणजे मांदळ वाजवणारा आणि थाळी-बासरीची साथ करणारा कुणी जाणकार आला, त्यानं पावलं शिकवली आणि कपड्यांचंही त्यानंच ठरवलं, तर खुशाल ठेवा. ‘भगोरिया’ करू या असं कुणीतरी सुचवेलच. त्यात मुलगा मुलीला गुलाल लावतो आणि ती त्याच्याबरोबर पळून जाते, हा प्रसंग ठेवला की टाळ्या पडतात. ते करू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात गावोगावचे आठवडी बाजार भरतात, तोच भगोरिया. माणसं होळीची खरेदी करतात, सोयऱ्यांना भेटतात, एका गावच्या पोरी एका रंगाची लुगडी नेसून घोळक्यानं फिरतात, ढोल वाजतात. ‘आदिवासींचा प्रेमाचा बाजार’ हे बाहेरच्यांनी केलेलं बारसं, आणि तिकडचे शिकलेसवरले लोक त्यावर कळवळून बोलतात, की आमच्या लेकीबाळी बाजारात जातात आणि तुम्ही कॅमेरे घेऊन कसल्या आशेनं येता? मीही एकदा वालपूरच्या भगोरियाला गाडी करून गेले होते. कॅमेरा होता माझ्याकडे. असो.

मग त्या रिकाम्या वेळेत काय? इथे मात्र माल एवढा आहे, की तुमचा कार्यक्रम दोन तासांत मावणार नाही.

तुमचा विषय सामाजिक विज्ञान, म्हणून टंट्यापासून सुरुवात करा. निमाडातला भील, सावकार आणि सरकार यांना पुरून उरलेला. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी गेला. इंग्रजांच्या कागदांत तो डाकू, निमाडात मामा. एकाच माणसाला ही दोन नावं का पडली, कोण कुठलं नाव घेतं, हे सातवी-आठवीच्या मुलांना विचारून बघा. इतिहास म्हणजे काय ते पाठ्यपुस्तकाच्या धड्यापेक्षा त्यातून जास्त कळेल. त्याचं स्थान पातालपानीला, आपल्या घरापासून तासा-दीड तासावर. धबधबा बघायला दर पावसाळ्यात अर्धं इंदूर तिथे जातं, भजी खातं आणि परत येतं. भंवरकुआँ चौकालाही आता टंट्या मामांचंच नाव आहे. आणि त्याच भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी झाबुआ, धार, बडवानीची शेकडो मुलंमुली खोल्या घेऊन राहतात. पाहुणा हवाय ना? तिथून बोलवा. पीएससीचा अभ्यास करणारी एखादी भिलाला मुलगी जीन्स घालून आली आणि तिनं तासभर टंट्यावर किंवा सरळ राज्यघटनेवर बोललं, तर तुमच्या शाळेतल्या मुलांच्या डोक्यातला भाला आपोआप गळून पडेल.

गणिताच्या बाईंना ‘नोतरा’ द्या. झाबुआकडे घरात लग्नकार्य निघालं की नोतरा घालतात, म्हणजे आमंत्रण. येणारा माणूस पैसे देतो, ते नाव-रकमेसह वहीत लिहिले जातात, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की ती रक्कम वर भर घालून परत जाते. बँक नाही, व्याजाचा तगादा नाही, सावकाराचं तोंड बघणं नाही. आपल्या आज्यांची आहेराची वही आणि भिशी एकत्र केली तर जे होईल, ते. मुलांना वही करून द्या, दहा घरं, दहा वर्षं, हिशेब करा म्हणावं. एनसीसीवाल्या सरांना ‘हलमा’ द्या. एकट्याच्यानं निभत नाही असं काम आलं की तो हलमा बोलावतो आणि गाव मजुरी न घेता येतं. अलीकडे हाच हलमा घालून झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर हजारो माणसांनी पाणी अडवायला चर खणले. शाळेच्या मागच्या मैदानाची दैना तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण इंदूरच्या बहुतेक शाळांची मला ठाऊक आहे. तिथे एक सकाळ सगळ्यांनी, प्राचार्यांसकट, कुदळ धरली आणि ह्या कामाला आम्ही झाबुआकडून शिकलेलं नाव दिलं, असं फळ्यावर लिहिलं, तर मला ते दहा नाचांपेक्षा आवडेल.

चित्रकलेचं मात्र जपून. ‘पिथोरा काढा’ अशी स्पर्धा हमखास सुचेल, आणि ड्रॉइंग शीटवर साठ घोडे धावतील. पिथोरा हे भिंतीवरचं चित्र, पण ती नवसाची गोष्ट आहे. घरावर संकट आलं, बडव्यानं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यानं, सांगितलं, तर लिखिंदरा, म्हणजे पिथोरा लिहिणारा, येऊन घरातल्या भिंतीवर तो लिहितो, पूजा होते, रात्र जागवली जाते. आपण सत्यनारायणाच्या चौरंगाची स्पर्धा लावून पहिला-दुसरा नंबर काढू का? त्यापेक्षा भुरीबाईंची गोष्ट सांगा. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या. भोपाळला भारत भवनचं बांधकाम चाललं होतं, तिथे मजुरीला होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना विचारलं, तुमच्याकडे चित्रं काढतात तशी कागदावर काढाल का? त्यांनी काढली. भारत भवन १९८२ साली उघडलं, आणि २०२१ साली भुरीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. ज्या मुलीचे वडील आज बांधकामावर आहेत, तिला ही गोष्ट वर्गात ऐकू आली पाहिजे. तिच्याकडे न बघता सांगा. तिला कळेल.

आणि हो, आपल्या मराठी मंडळींसाठी एक खास. अहिल्याबाईंची पालखी आपण दरवर्षी थाटात काढतो. होळकर मूळचे धनगर, मेंढरं राखणारे, हे भाषणात येतं का? फार तर एका वाक्यात, घाईघाईनं. आणि डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिलांचा पूर्वापार एक लहानसा कर होता, भीलकवडी. अहिल्याबाईंनी तो त्यांचा हक्क म्हणून मान्य केला आणि बदल्यात त्या वाटांच्या रखवालीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. जॉन माल्कमनं १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात याची नोंद आहे. ‘जंगलातले लुटारू’ हे चित्र घेऊन वाढलेल्या मुलांना हे सांगाच. राज्य करणाऱ्या बाईला त्यांच्याशी करार करावासा वाटला होता. आपल्याला टोप घालावासा वाटतो.

तुमच्या सहकारी बाई म्हणतात, सगळी मुलं सारखी. चांगल्या मनानं म्हणत असतील. पण त्यांना एवढंच विचारा, वर्गातली आरटीईची मुलं कोण ते बाकीच्या मुलांना माहीत नाही का? पहिल्या आठवड्यातच माहीत होतं. न बोलल्यानं ते पुसलं जात नाही, फक्त त्यावर कुजबुजण्याचं काम मुलांवर सोपवलं जातं. महूला, इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, १४ एप्रिल १८९१ ला एका सुभेदाराच्या घरी मुलगा जन्मला. पुढे साताऱ्याच्या शाळेत तो स्वतःचं गोणपाट घेऊन जायचा आणि त्यावर वेगळा बसायचा. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं तोटी उघडली तर पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. १४ एप्रिलला आपल्याकडे सुट्टी असते, म्हणून शाळेत ह्या विषयावर कुणी बोलतच नाही. सुट्टी देऊन गप्प बसायची ही सोय मला नेहमीच फार चतुर वाटत आलीय. तेरा तारखेला महूची सहल काढा. त्यात कुणाच्या पोशाखाचा प्रश्न येत नाही.

एक इशाराही देऊन ठेवते, कारण इंदुरात हे हटकून होतं. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर, म्हणून शाळाशाळांत ‘सफाई मित्रां’चा सत्कार होतो. कामगाराचा सन्मान जरूर करा. पण झाडू ही कुणाची ‘विरासत’ नव्हे. ‘ह्या समाजाची परंपराच सेवेची’ असलं वाक्य निवेदकाच्या कागदावर दिसलं तर पेन घेऊन खोडा. ज्यातून पोरं बाहेर पडू बघताहेत, ते त्यांच्या माथी परंपरा म्हणून मारायचं नाही.

आईच्या सत्काराचं विचारलंत. शाल-श्रीफळ नको. चारशे लोकांसमोर तिला उभं करायचं, ते तिच्याकडून काही शिकायला नव्हे तर आपल्या मनाची रुखरुख शमवायला, हे तिला पहिल्या मिनिटात समजेल. पुढे कधी मुलीचं मन स्थिरावलं, आणि आईला खरंच काही सांगायचं-शिकवायचं असलं, तर डॉक्टर पालकांना ‘करिअर डे’ला बोलावता तसंच रीतसर पत्र पाठवून बोलवा. त्या दिवसाची तिची दिहाडी बुडेल. मानधन पाकिटात घालून द्या, आणि ते दिहाडीपेक्षा जास्त असू द्या.

राहिल्या प्राचार्या. त्यांच्यापुढे भावना मांडून बारा दिवसांत काम होणार नाही. सरळ सांगा, मॅडम, तोंडाला रंग फासलेल्या मुलांचा व्हिडिओ एखाद्या पालकानं बाहेर टाकला आणि अलीराजपूरपर्यंत पोचला, तर उत्तर द्यायला तुम्ही-आम्ही असू. हे काही उदात्त कारण नाही, मला कल्पना आहे. चालेल. त्यानंही ऐकलं नाही तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम आठवून द्या, त्यात मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे. पण ते शेवटी. कायद्याचं नाव काढलं की माणसं ऐकायचं सोडून बचावाला लागतात.

डान्स टीचरला मात्र एकटं पाडू नका. तिला जे शिकवलं गेलं तेच तिनं बसवलं. दुकानात पिसांचे टोप परत द्यायला तिच्याबरोबर तुम्हीही जा. दुकानदार डिपॉझिट देताना कुरकुर करेल, म्हणेल दुसऱ्या शाळा तर सीझनभर नेतात. नेऊ देत. रस्त्यात तिला भुरीबाईंची गोष्ट सांगा, आणि पातालपानीला मुलांना कधी न्यायचं ते दोघी मिळून ठरवा.